घरखर्चाची वही : इंडक्शन शेगडी घ्यावी की नको?



7 फेब्रुवारीला आमच्या कल्याणच्या वस्तीत माता रमाईंची जयंती साजरी झाली. त्रिशरण-पंचशील झाले, मुलींची भाषणे झाली, दोन पाहुण्यांनी ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ घेतला, आणि शेवटी महिला मंडळाच्या भगिनी विहारामागे भांडी धुवायला बसल्या. मी सतरंज्या झटकत होतो. एका ताईंनी हात न थांबवताच विचारले, "भाऊ, तुम्ही हापिसात हिशोबच बघता ना? मग मला एक सांगा. ती विजेवरची शेगडी घ्यावी का? दुकानदार म्हणतो, गॅसच्या निम्म्या पैशात सैपाक होतो. तीन हजाराची आहे, महिन्याला पाचशेचे सहा हप्ते. आमचे हे म्हणतात घेऊन टाक."

या ताई चार घरची धुणीभांडी करतात. यजमान कंत्राटावर वॉचमन आहेत. महिन्याला पाचशे रुपये म्हणजे त्यांच्या घरी मुलीच्या शिकवणीची फी. मी म्हणालो, रविवारी घरी येतो, विजेचे बिल काढून ठेवा.

तात्काळ उत्तर न देण्याचे कारण होते. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः या बाबतीत चुकलो आहे. दिवाळीच्या सेलमध्ये, घरात कोणालाही न विचारता, 2000 वॅटची इंडक्शन शेगडी उचलून आणली. पत्नीला आनंद होईल असे वाटले होते. तिने खोके उघडले, आपला रोजचा कुकर वर ठेवला, तर शेगडी नुसती टूं टूं करत राहिली. कुकर ॲल्युमिनियमचा, म्हणजे आपल्या भाषेत जर्मनचा. मग मी स्टीलचे पातेले शोधले, मोठा प्लग बसेना म्हणून दहा-वीस रुपयांचा अडॅप्टर आणला आणि ती स्वयंपाकघरातल्या छोट्या सॉकेटला जोडली. चौथ्या दिवशी जळका वास आला. प्लगची पिन काळी पडली होती. त्याच्या आदल्या दिवशी आई म्हणाली होती की पातेल्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि मी तिला म्हणालो होतो, वयाचा परिणाम. ही गोष्ट सांगताना आजही लाज वाटते. दोष शेगडीचा नव्हता. भिंतीतली वायर, सॉकेट आणि अर्थिंग न बघता ती घेणारा दोषी होता.

तर रविवारी वही, पेन आणि मुलाच्या कंपासपेटीतला लोहचुंबक घेऊन मी ताईंच्या घरी गेलो. आधी हिशोब सांगतो, कारण दुकानदाराची सगळी भिस्त "निम्म्या पैशात" या दोन शब्दांवर होती.

गॅस आणि वीज यांची तुलना करायची तर दोन्ही एका मापात आणावे लागतात. 1 किलो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये साधारण पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता असते. पण गॅस जळतो तेव्हा बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने वर निघून जाते. घरच्या चुलीवर शंभरातले साठेक भाग भांड्यात जातात असे धरू. इंडक्शनमध्ये भांड्याचा तळच तापतो, त्यामुळे पंचाऐंशीच्या आसपास भाग कामी येतात. दुकानदार सांगतो ते इथपर्यंत खरे आहे, विजेची शेगडी कमी वाया घालवते. या आकड्यांवरून 1 किलो गॅसचे काम करायला इंडक्शनला सुमारे 9 युनिट लागतात. म्हणजे तुमच्या युनिटच्या दराला 9 ने गुणा आणि जी रक्कम येईल ती 1 किलो गॅसच्या किमतीशेजारी ठेवा. बाकी सगळा हिशोब त्यात आला.

एप्रिल 2025 मध्ये मुंबईत 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरची किंमत 852 रुपये 50 पैसे झाली. किलोला 60 रुपये पडले. किंमत बदलत असते, तेव्हा आपल्या ताज्या पावतीवरचा आकडा घ्यावा. पण उदाहरणाला हा धरू. आता विजेचा दर. महावितरणचे घरगुती बिल टप्प्याटप्प्याने वाढते: पहिली 100 युनिट, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत, मग त्यापुढे. 2024-25 च्या दरपत्रकाप्रमाणे वहन आकार आणि 16 टक्के विद्युत शुल्क धरून पहिल्या टप्प्यातले युनिट 7 रुपयांच्या आसपास पडत होते, आणि 100 च्या पुढचे 13 रुपयांच्या आसपास. गुणाकार करा. सात नव्वे त्रेसष्ट. तेरा नव्वे एकशे सतरा. पहिल्या टप्प्यात वीज गॅसच्या जवळपास, आणि दुसऱ्या टप्प्यात जवळजवळ दुप्पट महाग.

ताईंच्या बिलावर वापर होता 90 युनिट. एक जुना फ्रिज, टीव्ही, दोन पंखे, दिवे. सिलिंडर त्यांना 40 दिवस पुरतो. तो सगळा स्वयंपाक शेगडीवर नेला तर महिन्याला 95-97 युनिट वाढतील. त्यातली पहिली 10 युनिट स्वस्त टप्प्यात बसतील, उरलेली सगळी महाग टप्प्यात. वाढीव बिल 1200 रुपयांच्या घरात. आज तेवढ्याच 30 दिवसांचा त्यांचा गॅस 640 रुपयांचा. मी वही त्यांच्यापुढे केली. ताई सातवी शिकलेल्या आहेत, त्यांनी बोटाने आकडे वाचले आणि म्हणाल्या, "म्हणजे निम्मे नाही, दुप्पट."

ज्यांचे कनेक्शन उज्ज्वला योजनेतले आहे त्यांना तर ऑक्टोबर 2023 पासून सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान लागू झाले. ते बँकेत जमा होते का हे पासबुकात तपासा. जमा होत असेल तर तुमचा गॅस किलोला 40 रुपयांच्या जवळ येतो, आणि या तुलनेत वीज टिकतच नाही.

मग शेगडी कोणालाच नको का? तसे नाही. आमच्याच गल्लीत परभणी-नांदेडकडची चार मुले एका खोलीत राहतात. दोघे कंपनीत जातात, दोघे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. गॅस कनेक्शन नाही; छोटा सिलिंडर कुठूनतरी काळ्या बाजारात भरून आणतात. समजा तो किलोला 120 रुपयांनी भरून मिळतो. मालक सबमीटरवर युनिटला 12 रुपये घेत असेल, तर बारा नव्वे एकशे आठ. पैशातला फरक थोडा, पण मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस उतरवण्याचा जो प्रकार चालतो तो खोलीतल्या चौघांच्या जिवाशी खेळ आहे. त्या मुलांना मी शेगडी घ्या असेच सांगितले. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे बिल महिन्याला 40 युनिट येत असेल तर तिलाही चालेल. तिची वाढ पहिल्या टप्प्यातच राहते, सिलिंडर हलवावा लागत नाही, आणि बटण चालू राहिले तरी भांडे उचलल्यावर तापणे थांबते. लहान मूल असलेल्या घरातही ज्योत नसणे हा मोठा फायदा आहे. मात्र काचेला भांड्याचा ताप लागलेला असतो, तिच्यावर लगेच हात ठेवला तर भाजतोच. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही शेगडी वापरू नये.

आणि गॅस असलेल्या घरात ती जोडीला म्हणून ठेवता येते. सिलिंडर संपला आणि दुसरा दोन दिवस येत नाही, तेव्हा शेजारी सिलिंडर मागत फिरावे लागत नाही. चार कपांचा चहा, म्हणजे अर्धा लिटर पाणी उकळायला युनिटचा विसावा भाग लागतो. गॅसवर त्याला 34-35 पैसे, विजेवर पहिल्या टप्प्यात 35 पैसे, दुसऱ्या टप्प्यात 65 पैसे. पाहुणे आल्यावर चहासाठी दुसरी चूल मिळाली तर एवढ्या पैशांचे कोणाला दुःख नाही.

आता बोलूया घेणाऱ्यांशी. पहिली गोष्ट भांड्यांची. या शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वेगाने उलटसुलट फिरणारा प्रवाह जातो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि वर ठेवलेल्या लोखंडी तळात वीज खेळून तळ स्वतःच तापतो. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे हे नीट घडत नाही. ताईंच्या मांडणीवरची भांडी आम्ही एकेक करून तपासली. जर्मनची तिन्ही पातेली बाद. कुकर बाद. लग्नात आलेले पितळी पातेले बाद. तांब्याचा मुलामा असलेले स्टीलचे भांडे, तेही बाद. स्टीलच्या सहा डब्या-पातेल्यांपैकी दोघांनाच चुंबक घट्ट चिकटला. तवा लोखंडाचा, त्याला चिकटला. पण तो खोलगट, काचेवर डुगडुगतो. तळ सपाट हवा, नाहीतर मधले बोटभरच तापते. म्हणजे तीन हजारांच्या शेगडीबरोबर नवा कुकर, सपाट तवा, एक पातेले आलेच. दुकानदार एक भांडे फुकट देतो, त्या एका भांड्यात भात होईल. मग आमटी कशात करायची?

भाकरीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण आपल्या घरात भाकरी हा रोजचा विषय आहे. या शेगडीचा ताप मधल्या वर्तुळापुरता असतो. स्वस्त शेगडीत तारेचे वेटोळे लहान, त्यामुळे मोठी ज्वारीची भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. तव्यावर एक बाजू झाली की आपण ती आरावर नाहीतर ज्योतीवर फुगवतो, ते इथे शक्य नाही. कापडाने दाबून फिरवत फिरवत जमते, पण माझ्या आईच्या मते ती भाकरी नव्हे, पोळीची सावत्र बहीण. वांगे भाजणे, पापड भाजणे, मटणाच्या वाटणाला कांदा-खोबरे थेट ज्योतीवर धरणे हेही गॅसवरच. सुके बोंबील तव्यावर भाजता येतात, वास तोच येतो. म्हणून भाकरी खाणाऱ्या घराने गॅस परत करून फक्त शेगडीवर जाऊ नये.

दुसरी गोष्ट भिंतीतली, आणि तीच मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढते. आपल्या घरातले नेहमीचे छोटे सॉकेट 6 अँपिअरचे असते. 1400 वॅटलाच ते भरून जाते. शेगडीला 16 अँपिअरचे मोठे सॉकेट, त्याला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र, किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वेगळा ट्रिप होणारा स्विच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. अडॅप्टर तर नकोच, त्याचे फळ मी भोगले आहे. त्याच वेळी पाण्याचा हीटर किंवा इस्त्री लावू नका. बिलावर "मंजूर भार" छापलेला असतो. तो 1 किलोवॅट असेल तर दीड-दोन हजार वॅटच्या शेगडीसाठी भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा. जुन्या चाळीत, झोपडपट्टीत एका मीटरवरून तीन खोल्यांना वायर गेलेली असते. तिथे ही शेगडी लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरालाही धोक्यात घालणे.

आणि अर्थिंग. तीन पिनांच्या सॉकेटमधले वरचे मोठे भोक हे शोभेला नसते. उपकरणात बिघाड होऊन वीज बाहेरच्या पत्र्यात किंवा भांड्यात उतरली, तर ती आपल्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून ती वायर असते. स्वयंपाकघरात हात ओले, पाय उघडे, जमीन ओली. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि शक्य असेल तर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवून घ्या.

हे दोन्ही नीट असेल तर निवड सोपी आहे. जोडीला म्हणून घ्यायची असेल तर 1200 ते 1600 वॅटची पुरते; 2200 वॅटची मोठी घेऊन कोणाला दाखवायची आहे? आयएसआय मार्क बघा. काचेवर डोसा, दूध, इडली अशी दहा बटणे असतात. घरी आल्यावर आपण कमी आणि जास्त एवढी दोनच वापरतो, त्यांचे जास्त पैसे देऊ नका. नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या काचेपेक्षा दाबायची बटणे बरी, कारण पिठाचे ओले बोट स्पर्शाच्या काचेला कळत नाही. स्वस्त शेगडी मंद आचेवर सलग चालत नाही, पूर्ण जोराने चालू-बंद होत राहते. त्यामुळे दूध अचानक वर येते. दुकानातच पाणी ठेवून सर्वांत कमी आकड्यावर चालवून बघा, दुकानदाराने नाही म्हटले तर दुसरे दुकान आहे. वायर किती लांब आहे तेही बघा, ती बहुधा आखूड असते. वॉरंटीत काच धरली आहे का ते विचारा, सहसा धरत नाहीत. काचेला तडा गेला तर त्या दिवसापासून शेगडी बंद, कारण पाणी आत जाते. "कोणतेही भांडे चालते" असे सांगून कोणी शेगडी विकत असेल तर ती इंडक्शन नसून इन्फ्रारेड असू शकते. तिची काच लालबुंद तापते आणि वीज जास्त वाया जाते. पक्के बिल घ्या. "झिरो टक्के" हप्त्यात प्रोसेसिंग फी किती आहे ते आधी लिहून मागा.

घरी आणल्यावर खाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक पसरू नका. पोटात पंखा असतो, त्याला हवा लागते. स्वयंपाक झाल्यावर पंखा थांबेपर्यंत मागचे बटण बंद करू नका. आणि झुरळे! आतल्या उबेला ती जमतात आणि सर्किट बिघडवतात. रात्री शेगडी पुसून उभी करून ठेवावी.

हे सगळे ऐकून ताईंचे यजमान म्हणाले, "पण टीव्हीवर तर सांगतात स्वस्त पडते." मी म्हणालो, दादा, तथागतांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना काय सांगितले ते आपण दर वर्षावासात ऐकतो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा. ते दुकानदाराला लागू आहे तसे या वहीलाही आहे. तुमचे बिल तुमच्या हातात आहे, नऊने गुणून बघा.

एक गोष्ट मात्र मला सलत राहते. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते हे आपल्याला पाठ असते. वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता हे फारसे सांगितले जात नाही. ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक हवी असा आग्रह धरला. तो उद्योगधंद्यांसाठी होता, तव्यासाठी नव्हे हे मान्य. पण रमाईंनी गोवऱ्या थापून चूल पेटवली ते आपण चरित्रात वाचतो, आणि त्यांच्या जयंतीला भांडी घासणाऱ्या बाईला 101 वे युनिट पहिल्यापेक्षा दुप्पट दराने घ्यावे लागते. धूर नसलेली चूल तिलाही हवी आहे. दर ठरवताना वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिथे हरकती देता येतात. आपल्या मंडळांनी तिकडे कधी एक कागद तरी दिला आहे का?

असो. ताईंनी शेगडी तूर्त घेतली नाही. त्यांनीच ठरवले, यजमानांनी मान हलवली. पण मी निघताना त्या म्हणाल्या, "भाऊ, ते तिसऱ्या भोकाचं काय म्हणालात ते बघूनच जा." ओळखीच्या वायरमनला बोलावले. त्याने बोर्ड उघडला. हिरवी वायर सॉकेटपासून मीटरपर्यंत व्यवस्थित गेली होती, आणि तिथे कशालाच न जोडता लोंबत होती. अकरा वर्षे त्या खोलीत फ्रिज चालू आहे. पहिल्या हप्त्याचे पाचशे आणि वर थोडे घालून त्यांनी जोडणी करून घेतली, गळतीचा ब्रेकर पुढच्या पगाराला बसवणार आहेत.

त्याच ओळीत आणखी सात खोल्या आहेत. त्यांची बोर्डे येत्या रविवारी उघडून बघायची ठरली आहेत. वायरमन खोलीमागे शंभर रुपये म्हणतो. जयंतीच्या वर्गणीतले काही शिल्लक आहे का ते महिला मंडळाच्या अध्यक्षबाई बघून सांगणार आहेत.